जॉन नॅशनं गोळ्या सोडल्या होत्या, मग मी का घेऊ?

कांडी

हा प्रश्न माझ्या दादानं गेल्या गुरुवारी रात्री मला विचारला. नॅश म्हणजे दादाला आहे तोच मनाचा आजार झालेला अमेरिकेतला गणितज्ञ. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो पलंगावर बसून पेपरच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर काहीतरी मांडत होता. मान वर न करता म्हणाला, "नॅशनं १९७० नंतर गोळी घेतली नाही. १९९४ ला त्याला नोबेल मिळालं. मग मी का घेऊ?"

मला उत्तर आलं नाही. "आधी घे, मग बोलू," एवढंच म्हणाले. त्यानं घेतली. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं, हे त्यालाही कळलं आणि मलाही. म्हणून इथं गटावर लिहितेय.

थोडं मागचं सांगते. आम्ही सोलापूरचे, घर अक्कलकोट रोडकडं. वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. ज्यांनी जेकार्ड बघितलं नाही त्यांच्यासाठी: मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ फिरत असते. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. अशा हजारो होय-नाहीतून चादरीवर मोर उमटतो. दादा आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांचा डबा पोचवायला जायचा आणि तासभर परत यायचा नाही. एकदा त्यानं वडिलांना सांगितलं की माळेतला एक पुठ्ठा उलटा बसलाय, प्रत्येक मोराच्या मानेत एक धागा चुकतोय. जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, माग थांबवून माळ तपासली. पुठ्ठा खरंच उलटा होता. वडिलांनी ती गोष्ट मरेपर्यंत सांगितली.

बी.एस्सी. इथंच झालं, एम.एस्सी.ला पुण्याला गेला. २००४ च्या दिवाळीनंतर एका रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं न कळवता घरी आला, चपला न काढता स्वयंपाकघरात शिरला आणि रेल्वेचं तिकीट आईपुढं धरून म्हणाला, "हा नंबर तुम्ही पाठवला का?" तिकिटावरच्या दहा आकडी नंबराचे त्यानं अवयव पाडले होते आणि त्यात त्याला आमच्या गल्लीतल्या घरांचे क्रमांक दिसत होते. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

पुढचे चौदा महिने अंगारे, उतारे, गंडे. "पोरगं लई शिकलं, डोकं तापलं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून कुणी म्हटलं तर छातीत धस्स होतं. आईनं त्याची सगळी पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. गणितानंच पोराला खाल्लं, असं तिला मनापासून वाटायचं. मग एका नातेवाइकानं मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं आणि स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात आला.

आता तो ४३ चा आहे. त्याला एकट्याला ऐकू येणारे आवाज अगदी गेले नाहीत, पण लांब गेलेत. मधे चार वर्षं एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला शिकवायचा. एका पालकाला आजाराचं कळलं आणि क्लासवाल्यांनी "सर, जरा विश्रांती घ्या" म्हणून सांगितलं. मुलांचे मार्क चांगले आले होते. त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

गोळीबद्दल तो जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहिते, कारण मी ते कित्येक वर्षं हट्ट म्हणून सोडून दिलं होतं. "ओल्या खडूनं फळ्यावर लिहिल्यासारखं होतं. हात लिहितो, पण उमटत नाही. वाळल्यावर दिसेल म्हणून थांबावं, तर तोवर पुढची ओळ विसरते."

चार वर्षांपूर्वी त्यानं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या होत्या. तो पावसाळा मी इथं लिहीत नाही. आता पुन्हा तेच येतंय की काय, या भीतीनं झोप नाही. त्याला काय उत्तर देऊ? खोटं सांगायचं नाहीये. खोटं त्याला लगेच कळतं.

बार्शीकर

ताई, नॅशवरचा त्यो 'अ ब्यूटिफुल माइंड' सिनेमा दाखवा त्यांना. त्यात शेवटी नॅश म्हणतोय की मी नवी औषधं घेतो म्हणून.

केसपेपर

बार्शीकर, तेवढं नका सांगू. सिनेमातलं ते वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. दादांचं बरोबर आहे, नॅशनी १९७० नंतर औषध घेतलं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. सिनेमात माणसं दिसतात, खोलीतला मित्र दिसतो, तसंही त्यांना होत नव्हतं. त्यांना आवाज ऐकू यायचे आणि भ्रम होते.

कांडीताई, मी बरीच वर्षं मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करतोय. आमच्याकडं येणारी घरं हा प्रश्न टाळतात. दादांना तुम्ही "सिनेमात बघ" म्हणालात आणि त्यांना खरं माहीत असलं, तर पुढची गोळी तुमच्या हातून घेताना ते दहा वेळा विचार करतील.

त्यांना आकडे द्या. २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला होता. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात शंभरातल्या २७ जणांचा आजार उलटला. औषधाच्या जागी नुसती दिसायला तशीच रिकामी गोळी दिलेल्यांत हाच आकडा ६४ होता.

आणि ते ओल्या खडूचं एका कागदावर जसंच्या तसं लिहून डॉक्टरांना द्या. त्याला हट्ट म्हणू नका. ते औषधाचं लक्षण असू शकतं, आजाराचंही असू शकतं, आणि दोन्हींवर करण्यासारखं काहीतरी असतं.

गणूमास्तर

मी ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. पोरी, तुझ्या आईच्या मनात बसलेलं आधी काढू या.

नॅशचा जन्म १९२८ चा. ज्या कामाला पुढं नोबेल मिळालं ते १९५० चं: दोन पानांत मावलेला एक निबंध आणि २८ पानांचा पीएच.डी.चा प्रबंध. सोप्या भाषेत ते असं. नवी पेठेत दोन दुकानदार समोरासमोर चादरी विकतात. दुसऱ्यानं भाव बदलला नाही तर एकट्यानं भाव बदलून कुणाचाच फायदा नाही, अशी जी जागा येते तो समतोल. खेळाडू (इथं दुकानदार) आणि डाव (इथं त्यांचे भाव) मोजके असतील, आणि चिठ्ठ्या टाकून डाव निवडायची मुभा असेल, तर असा समतोल कुठं ना कुठं असतोच, हे त्यानं सिद्ध केलं.

पण गणितवाले त्याला मानतात ते दुसऱ्या कामासाठी. १९५४ चं त्याचं काम आणि पुढच्या वर्षी कायपर नावाच्या गणितज्ञानं त्यात घातलेली भर यांतून असं निघतं की चेंडूचं पृष्ठ कुठंही न ताणता, न फाडता, एकही टोकदार घडी न पाडता कितीही लहान डबीत बसवता येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घरातली चादर घेऊन बसलो होतो. हाताला पटत नाही आणि सिद्धता तर समोर आहे. १९५६ चं काम याहून अवघड.

आता तारखा बघ. हे सगळं १९५९ च्या आधीचं. १९५९ च्या सुरुवातीला तो वर्तमानपत्र घेऊन सहकाऱ्यांत आला आणि म्हणाला, पहिल्या पानावर माझ्यासाठी गुप्त संदेश आहेत. शिकागोच्या विद्यापीठानं देऊ केलेली नोकरी त्यानं अंटार्क्टिकाचा सम्राट होणार म्हणून नाकारली. म्हणजे आजारानं त्याला गणित दिलं नाही, गणितानं आजार दिला नाही. आजार आला आणि गणिताची उमेदीची वर्षं घेऊन गेला. तुझ्या दादाला बाविसाव्या वर्षी आला, तो या आजाराचा नेहमीचाच काळ. तेव्हा तो गणित करत होता, म्हणून गणितावर आळ आला. माग चालवत असता तर मागावर आला असता.

आईला म्हणावं, पुस्तकं माळ्यावरून खाली काढा.

कांडी

मास्तर, आई गेल्या साली गेली. पुस्तकं मी खाली काढली आहेत. अर्धी वाळवीनं खाल्ली होती.

गणूमास्तर

माफ कर पोरी. कुठली खाल्ली ती यादी पाठव. माझ्याकडची देतो.

वेणू साखर पेठ

अक्का, मी तेलुगू घरातली, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या अम्माला हाच आजार. ती गणितवाली नव्हती, विड्या वळायची. आजार जोरात असताना सूप मांडीवर तसंच आणि ती कोपऱ्याशी बोलत बसलेली. गोळ्या सुरू झाल्यावर हळूहळू हात चालू झाला. आधी दिवसाला चार कट्टे, मग दहा, मग वीस. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. कारखान्यात देताना ती स्वतः मोजायची आणि मुनीम चुकला तर त्याला सांगायची. ज्या दिवशी तिनं मुनीमाची चूक धरली त्या दिवशी नाना, म्हणजे माझे वडील, दारात बसून रडले.

माझं म्हणणं एवढंच की नॅश हुशार म्हणून जग त्याच्यासाठी थांबलं. अम्मासाठी कोण थांबणार होतं? आम्ही थांबलो. इथं कुणी लिहिलं की हुशार लोकांनाच हा आजार होतो, तर मला वाईट वाटतं. जगात साधारण तीनशेत एकाला होतो. तीनशे घरांत सगळे काय गणितवाले असतात का?

बार्शीकर

वेणूताई, मनाला लागलं. मी वर घाईत लिहिलं, त्याबद्दलही माफी.

मला बिहारचे वशिष्ठ नारायण सिंह आठवले. भोजपूर जिल्ह्यातलं बसंतपूर गाव. १९६९ ला बर्कलीला पीएच.डी. केली. परत येऊन कानपूरच्या आयआयटीत, मग मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, कोलकात्याला सांख्यिकी संस्थेत शिकवलं. पुढं हाच आजार. १९८९ ला रेल्वेच्या प्रवासात हरवले ते थेट १९९३ ला बिहारमधल्या छपरा शहराजवळ सापडले. चार वर्षं माणूस रस्त्यावर. २०१९ ला पाटण्यात वारले, २०२० ला मरणोत्तर पद्मश्री. मोबाइलवर त्यांच्या नावानं आइन्स्टाइनला आव्हान दिल्याच्या, नासाचे संगणक बंद पडल्याच्या गोष्टी फिरतात. त्यांना काही आधार नाही. त्या कशाला पाहिजेत? बसंतपूरच्या हवालदाराचं पोरगं बर्कलीचा डॉक्टर झालं, हे कमी आहे का?

केसपेपर

वशिष्ठबाबूंचं उदाहरण महत्त्वाचं. नॅशच्या बाबतीत औषध सोडलं एवढंच लोकांच्या ध्यानात राहतं. त्याच १९७० मध्ये त्यांच्या आधीच्या बायकोनं, अलिशियानं, त्यांना आपल्या घरी राहायला घेतलं, हे कुणी सांगत नाही. त्यांचा घटस्फोट १९६३ लाच झाला होता. ती संगणकाचं काम करून घर चालवायची. पुढं त्यांच्या मुलालाही हाच आजार झाला, त्यालाही तिनंच सांभाळलं. २००१ मध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं. आणि प्रिन्स्टनच्या गणित विभागानं त्यांना फळ्यांपाशी फिरू दिलं. मुलं त्या विभागाच्या इमारतीवरून "फाइन हॉलचं भूत" म्हणायची, पण हाकललं कुणी नाही. वीस-एक वर्षं! तोवर फळ्यावर निरर्थक आकडे असायचे. मग हळूहळू त्यांत अर्थ येऊ लागला.

इस्पितळांचंही सांगायला हवं. १९६१ मध्ये त्यांना सरकारी इस्पितळात इन्सुलिननं बेशुद्ध करायचे उपचार दिले होते. ते उपचार केव्हाच बंद झाले. त्या अनुभवानंतर माणूस औषधालाच नको म्हणाला, तर मला त्याचा राग येत नाही. आपल्याकडं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडाला बंदी आहे, भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे, आणि मी आजारी पडलो तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत हे माणसाला बरा असतानाच लिहून ठेवता येतं. दादांना हे शेवटचं जरूर सांगा.

कांडी

तुमचे आकडे दादाला दाखवले. वही पुढं ओढली, २७ आणि ६४ लिहिले, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आणि उरलेले ३६?"

मी गप्प. तो म्हणाला, "शंभरातल्या ३६ जणांना गोळीशिवाय काही झालं नाही. २७ जणांचा घेऊनही उलटला. मी कुठल्यात आहे ते तुला कसं माहीत?"

केसपेपर, सांगा काय बोलू.

केसपेपर

त्यांना सांगा की प्रश्न अचूक आहे. ते ३६ कोण हे आधी ओळखून देणारी तपासणी आज कुठंही नाही. नॅश त्यांतले होते असं आपण म्हणतो, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. १९७० मध्ये तो अलिशियालाही ठाऊक नव्हता. आणि ते आकडे एका वर्षाचे आहेत, पुढच्या वर्षांचं त्यात काही नाही.

पण दादांकडं एक माहिती आहे जी त्या ६५ चाचण्यांकडं नाही. त्यांनी स्वतः एकदा गोळी सोडून बघितली आहे. त्यांच्या गणितात तो पावसाळा धरायला हवा. तो त्यांनीच धरावा, तुम्ही नको.

डोस कमी होऊ शकत नाही, असं मी म्हणत नाही. होतो, कित्येकांचा होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन् महिने, एक-एक पायरीनं. एका रात्रीत बंद करणं ही वेगळी गोष्ट. अवेळी घाबरायला झालं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

नीरजा

पुण्यात अशा घरांच्या गटात आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द आवडतात, "पेशंट" म्हटलं की माणूस लहान होतो. तिथली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केली. ते कॅनडात कॅल्गरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या पत्नीला हा आजार होता. म्हणजे या गोष्टीत एक गणिती शुभंकरही आहे.

कांडी, तू काय खातेस, कधी झोपतेस, ते कुणी विचारलं का?

कांडी

नाही विचारलं कुणी. बरं वाटलं.

गणूमास्तर

एक राहिलं होतं. नॅशला एका सहकारी गणितज्ञानं इस्पितळात विचारलं होतं की तू सिद्धता मागणारा माणूस, परग्रहावरचे लोक तुला निरोप धाडतात यावर विश्वास कसा ठेवलास? तो म्हणाला, त्या कल्पना माझ्याकडं गणिताच्या कल्पना आल्या तशाच आल्या, म्हणून खऱ्या मानल्या.

यावर मी फार विचार केलाय. दार एकच असेल तर आत कोण आलं हे ओळखायला सिद्धता लागते. गणितात ती मागता येते. तिकिटावरच्या नंबराला कशी मागणार? नॅशनं म्हणे पुढं एकेका भ्रमाला हळूहळू नाकारायला सुरुवात केली. तुझा दादा काय करतो? विचार त्याला.

कांडी

मास्तर, विचारलं. आम्ही पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याला चक्कर मारतो, तेव्हा गर्दी नसते. गड्ड्याच्या यात्रेत तो घराबाहेर पडत नाही, आवाजात आवाज मिसळतात म्हणतो. चालता चालता म्हणाला, "सिद्धरामानं गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. सगळ्यांना एकदा जायचं तर किती क्रमांनी जाता येईल, माहितेय? ९७ आकडी संख्या येते. त्यातला सगळ्यात जवळचा रस्ता मी अजून शोधतोय. आवाज म्हणतो, तो रस्ता तुला सांगितला आहे. मी म्हणतो, मग लांबी सांग. लांबी तो कधीच सांगत नाही."

वीस वर्षांत हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं. मी पहिल्यांदा विचारलं म्हणून.

गणूमास्तर

त्याला माझा नमस्कार सांग.

कांडी

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

ओल्या खडूचा कागद घेऊन गेलो. आधीच्या एका ठिकाणी दोन मिनिटांत औषधांचा कागद हातात पडायचा आणि पुढचा नंबर. या वेळी डॉक्टर दुसरे होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि माझ्याशी न बोलता दादाशी बोलले. साखर आणि वजन तपासलं. सकाळची अर्धी गोळी बंद करून सगळा डोस रात्री जेवणानंतर आणला, आणि एकूण डोस एक पायरी खाली. दोन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. दादानं विचारलं, "उलटलं तर?" ते म्हणाले, "मग परत वर नेऊ. तुम्ही रोज वहीत लिहा, आकडे तुमचे." दादानं तिथंच तारीख घालून रकाने आखले: झोप किती तास, आवाज किती वेळा, खडू ओला की कोरडा.

'नॅशनं सोडल्या होत्या' हे त्यानं त्यानंतर म्हटलेलं नाही. कदाचित म्हणेल. मी आता घाबरत नाही असं नाही. पण म्हणाला तर गोळी पुढं करायच्या आधी ऐकून घेईन.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं नीरजानं खाजगीत सांगितलं होतं. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, अर्ज केलाय.

काल संध्याकाळी शेजारची सहावीतली पोर वही घेऊन आली, वजाबाकी चुकते म्हणून. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. दादा म्हणाला, "चार आकडी संख्या सांग. चारही आकडे सारखे नकोत." तिनं दारातल्या रिक्षाचा नंबर सांगितला, १२०८. त्यानं तो पाटीवर खडूनं लिहिला.

"आकडे मोठ्यापासून लहान लाव. ८२१०. आता उलटे लाव. ०१२८. वजा कर."

तिनं बोटं मोजत केलं. ८०८२.

"परत तसंच."

८८२० वजा ०२८८. हातचा चुकला, त्यानं बोट ठेवून दाखवला. ८५३२.

"परत."

८५३२ वजा २३५८. ती जोरात म्हणाली, "६१७४!"

"आता परत कर."

तिनं केलं. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. ती वहीकडं बघत राहिली. त्यानं तिला सांगितलं की हे देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी शोधलं, सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या इथंच येते. तिचा विश्वास बसला नाही. तिनं विचारलं, "प्रत्येक? तुम्ही सगळ्या करून बघितल्या?"

दादा हसला. मी भाकरी थापता थापता थांबले. त्यानं पाटीवरचं सगळं पुसलं, खडू बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाला, "दुसरी सांग."